पडदा, तबकडी आणि परवानगी

सिनेमा आणि लोकप्रिय संगीत यांनी ब्रिटिश समाज बदलला, हे विधान इतके सैल आहे की ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. तपासण्याजोगे करायचे तर प्रश्न लहान केला पाहिजे. कोणाचे जगणे पडद्यावर आणि तबकडीवर येऊ दिले गेले? ते अडवणारे कोण होते, आणि त्यांची पकड कधी व कशामुळे ढिली झाली? विसाव्या शतकातील ब्रिटनमध्ये या दोन माध्यमांचा सर्वांत खोल परिणाम या परवानगीच्या इतिहासात दिसतो, असे माझे प्रतिपादन आहे. नटनट्यांच्या केशभूषेची नक्कल, नाचाच्या नव्या तऱ्हा याही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वरवरच्या थरातल्या.

आधी व्याप्ती पाहू. १९४६ साली ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींहून अधिक तिकिटे खपली. लोकसंख्या पाच कोटींच्या आत होती. म्हणजे तान्ही मुले आणि अंथरुणाला खिळलेले म्हातारे धरूनही माणशी वर्षाला तीसहून जास्त खेळ झाले. दुसऱ्या कोणत्याही करमणुकीला एवढी गर्दी लाभली नाही. या गर्दीत कामगारवर्ग मोठा होता, आणि सत्ताधाऱ्यांना सिनेमाची धास्ती नाटकापेक्षा जास्त वाटे ती नेमकी यामुळेच.

नियंत्रणाची सुरुवात मात्र आगीच्या भीतीतून झाली. त्या काळची फिल्म सहज पेट घेई, म्हणून १९०९च्या कायद्याने सिनेमागृहांना परवाना देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांकडे दिला. त्यांनी तो लवकरच चित्रपटाच्या आशयावरही वापरला. गावोगावी वेगळा निर्णय होऊ लागला तर धंदा चालायचा कसा, या विवंचनेतून चित्रपट व्यावसायिकांनी १९१२ साली स्वतःचेच सेन्सॉर मंडळ स्थापले. ते सरकारी नव्हते, पण सरकारची मर्जी ओळखून वागणारे होते. भांडवल आणि श्रम यांचे संबंध हा त्याच्या आक्षेपार्ह विषयांपैकी एक होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सॅलफर्डचे आहे. वॉल्टर ग्रीनवुडची ‘लव्ह ऑन द डोल’ ही बेकारीच्या भत्त्यावर जगणाऱ्या वस्तीची कादंबरी १९३३ साली आली. तिचे नाटक झाले आणि गाजले. चित्रपटाच्या संहिता मात्र सेन्सॉर मंडळाने १९३६ साली फेटाळल्या. गोष्ट तीच होती, माणसेही तीच. फरक होता तो प्रेक्षकांत: नाटकाला मर्यादित प्रेक्षक, सिनेमाला स्वतः बेकार असलेला लक्षावधींचा. चित्रपट निघाला तो १९४१ साली, जेव्हा युद्धाने बेकारी संपवली होती आणि त्याच कामगारांच्या मनोबलाची सरकारला गरज होती. गाऱ्हाणे मांडायची मुभा मिळाली, पण गाऱ्हाणे जुने झाल्यावर.

याच काळात रॉचडेलची ग्रेसी फील्ड्स देशातली अत्यंत लोकप्रिय तारका होती. लँकेशायरचे तिचे ठसकेबाज उच्चार लाखो लोकांना आपले वाटत. ‘सिंग अ‍ॅज वी गो’ (१९३४) या चित्रपटात गिरणी बंद पडते, नायिका कामाच्या शोधात ब्लॅकपूलला जाते आणि अखेर गिरणी पुन्हा सुरू होऊन कामगार गात आत शिरतात. येथे बोलीला वाव आहे, हिमतीलाही आहे. गिरणी कोणाच्या धोरणाने बंद पडली हे विचारायला नाही. तरीही या चित्रपटांना निव्वळ भुलवण म्हणणाऱ्या टीकाकारांशी मी सहमत नाही. आपली बोली पडद्यावर ऐकू येणे हा मान होता, आणि त्याविना पुढची पायरी आली नसती.

संगीतातली अडवणूक निराळ्या जातीची होती. बीबीसीला तबकड्या वाजवण्याचे तासच मोजून मिळत. तबकडी वाजली की वादकाची रोजी जाते, ही वादकांच्या संघटनेची भूमिका होती आणि तिच्या जागी ती रास्त होती. परिणाम असा की तरुणांना हवी ती गाणी रेडिओवर पुष्कळदा वाद्यवृंदाच्या मवाळ नकलेत भेटत. १९५६ साली ‘रॉक अराउंड द क्लॉक’ चित्रपट आला तेव्हा पोरे खुर्च्यांमधल्या वाटेत नाचली, काही ठिकाणी मोडतोड झाली आणि कित्येक नगरपालिकांनी त्यावर बंदी घातली. आगीसाठी मिळालेला अधिकार आता नाचावर चालत होता. मार्च १९६४मध्ये रेडिओ कॅरोलाइन हे विनापरवाना केंद्र किनाऱ्यापासून दूर, जहाजावरून तरुणांना हवी ती गाणी वाजवू लागले. ऑगस्ट १९६७मध्ये अमलात आलेल्या कायद्याने अशी केंद्रे बेकायदा ठरवली, आणि ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केले, त्याच केंद्रांवरचे निवेदक घेऊन. हरलेल्यांची मागणी जिंकणाऱ्यांना मान्य करावी लागली.

कार्यकारणाबाबत सावध राहिले पाहिजे. ‘व्हिक्टिम’ (१९६१) या चित्रपटात डर्क बोगार्डने समलिंगी आकर्षणामुळे खंडणीखोरांच्या कचाट्यात सापडलेला वकील रंगवला. १९६७ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ पुरुषांच्या खासगीतील संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का निघाला. चित्रपटामुळे कायदा बदलला असे म्हणायचा मोह होतो, पण तशी शिफारस सरकारने नेमलेल्या वुल्फेंडन समितीने १९५७ सालीच केली होती. चित्रपटाने केले ते वेगळे: अहवालातल्या कलमाला चेहरा दिला, आणि लोकप्रिय नटाने तो दिल्यामुळे प्रेक्षकांना मान फिरवता आली नाही. बोगार्डने कारकीर्द पणाला लावली होती, हे विसरता कामा नये.

दूरचित्रवाणी आल्यावर सिनेमागृहे ओस पडत गेली. १९८४ साली तिकिटे साडेपाच कोटींच्या आसपास उरली. सामाजिक गाऱ्हाण्याचे ओझे गाण्याने अधिक उचलले. कॉव्हेंट्री हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथील ‘द स्पेशल्स’ या गोऱ्या-काळ्या वादकांच्या चमूने जमैकाचे स्का संगीत आणि पंक रॉकची धार एकत्र केली. मंदीत ओसाड पडलेल्या शहरावरचे त्यांचे ‘घोस्ट टाउन’ जुलै १९८१मध्ये, शहराशहरांत दंगली पेटल्या असताना, विक्रीच्या यादीत पहिले होते. दंगली त्याने घडवल्या नाहीत. ते आधीच तयार झाले होते. पण १९३६ साली जो विषय चित्रपटाला निषिद्ध होता, तोच आता बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर गायला जात होता. पंचेचाळीस वर्षांतला हा फरक माझ्या प्रतिपादनाचा मुख्य पुरावा आहे.

स्थलांतरितांच्या मुलांची पाळी उशिरा आली. पंजाबी कुटुंबातल्या तजिंदर सिंगच्या ‘कॉर्नरशॉप’ या चमूने १९९७ साली थेट आशा भोसले यांच्यावर गाणे केले: सांगलीत जन्मलेली गायिका, आणि स्थलांतरितांच्या घराघरांत वाजणाऱ्या तिच्या तबकड्या. मूळ गाणे विक्रीच्या यादीत साठाव्या क्रमांकाशी थांबले. डीजे नॉर्मन कुकने त्याला नाचायच्या वेगात बसवल्यावर फेब्रुवारी १९९८मध्ये तेच पहिले आले. येथे कोणत्याही नगरपालिकेने बंदी घातली नव्हती, कोणत्या सेन्सॉरने संहिता परत धाडली नव्हती. निवड करणारा आता बाजार होता, आणि त्याच्या परवानगीच्या अटी कोठेही लिहून ठेवलेल्या नसल्याने त्यांचा अभ्यास १९३६च्या अटींपेक्षा कितीतरी अवघड आहे.