थंड इंजिन, पूर्ण शक्ती आणि काही सेकंद

विमानाचे इंजिन किती शक्तिमान आहे, याइतकाच ती शक्ती किती वेळात मिळते हा प्रश्नही महत्त्वाचा असतो. इंजिन थंड असेल तर तो अधिकच बिकट होतो.

नागपूरला या प्रश्नाची ओळख जुनी आहे. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली डाकोटा विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत आणि टपालाची देवाणघेवाण करून परत फिरत. नागपूरची हिवाळी रात्र बोचरी असते. डिसेंबर २०१८ मध्ये येथे पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. डाकोटाच्या पिस्टन इंजिनातील तेल थंडीत घट्ट होते व बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तेलाचे तापमान साधारण ४० अंशांपर्यंत चढल्यावरच इंजिनाचा वेग वाढवून त्याची तपासणी केली जाई.

जेट इंजिनात अडचणीचे स्वरूप बदलते. कॉम्प्रेसरच्या पात्यांची टोके आणि बाहेरचे कवच यांत अत्यंत थोडे अंतर असते. थंड इंजिनाला एकदम पूर्ण शक्तीवर नेल्यास पातळ कवच लवकर तापून प्रसरण पावते. पाती धरून ठेवणारी जाड चकती मात्र सावकाश तापते. त्यामुळे अंतर वाढते, हवा टोकांवरून मागे गळते. त्याच वेळी जादा इंधनाने ज्वलनकक्षातील दाब वाढलेला असतो. हवेचा प्रवाह उलटला की मोठा आवाज होऊन इंजिनाला हादरे बसतात. यालाच ‘सर्ज’ म्हणतात. शिवाय सुरुवातीची बरीच उष्णता धातू तापवण्यातच खर्ची पडते. म्हणूनच उड्डाणापूर्वी इंजिन काही मिनिटे मंदगतीत चालवण्याची पद्धत आहे, तर इंधन किती वेगाने वाढवायचे हे आधुनिक इंजिनात संगणक ठरवतो.

प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी या साऱ्याची परीक्षा होते. अमेरिकी नियमांनुसार थ्रॉटल एका सेकंदात पुढे ढकलला तरी सर्ज होता कामा नये. उड्डाणातील किमान मंदगतीवरून, म्हणजे कमाल रेट्याच्या फार तर १५ टक्क्यांवरून, ९५ टक्के रेटा पाच सेकंदांत मिळाला पाहिजे. ही मोजणी इंजिन स्थिर चालत असताना होते. थंड इंजिनाची कसोटी १५० तासांच्या टिकाऊपणाच्या चाचणीत लागते. इंजिन १०० वेळा सुरू करावे लागते आणि त्यांपैकी २५ वेळा ते आधी किमान दोन तास बंद ठेवलेले असावे लागते. विमानासाठी वेगळी अट आहे. उतरण्याच्या अवस्थेतून पुन्हा वर चढण्याची क्षमता मोजताना थ्रॉटल हलवल्यापासून आठ सेकंदांनी मिळणारा रेटाच धरला जातो.

हे सेकंद कागदी नव्हेत. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बंगळूरला उतरताना कोसळले. विमानातील १४६ पैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. इंजिने मंदगतीत असताना विमानाचा वेग घटत गेला होता. धोका ध्यानात येऊन थ्रॉटल पुढे केला तोवर उंची उरली नव्हती. इंजिनांत दोष नव्हता. त्यांना शक्ती वाढवायला लागणारे सेकंद मात्र शिल्लक नव्हते. मंदगतीत जमिनीजवळ जायचे नाही, हा धडा त्यातून अधिक ठसला.

मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान देखभाल केंद्र २०१५ मध्ये सुरू झाले, तर हवाई दलाच्या देखभाल विभागाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. इंजिन बदलल्यावर विमान उभे ठेवून ते चालवून पाहणे हा देखभालीचा नेहमीचा भाग असतो. प्रवाशाला ऐकू येते ती केवळ गर्जना. तंत्रज्ञाचे लक्ष मात्र ती किती सेकंदांत उठली याकडे असते.