रझांचे रंग आणि जंगलातली रात्र

सय्यद हैदर रझा (१९२२-२०१६) यांच्या जन्मशताब्दीच्या पाठोपाठ, २०२३च्या फेब्रुवारी ते मे या काळात, पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यांच्या सुमारे शंभर कलाकृतींचे प्रदर्शन भरले. रझा म्हटले की तांबडा, शेंदरी, पिवळा अशा रंगांचा उत्सवच आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. स्मृतिप्रदर्शनात हा उत्सव साजरा व्हावा, हे स्वाभाविकच. मात्र त्याची मुळे शोधायची तर पॅरिस आणि मुंबई ओलांडून आपल्याला जुन्या मध्य प्रांतात यावे लागते.

मंडला जिल्ह्यातील बाबरिया हे रझांचे जन्मगाव. वडील वनखात्यात रेंजर. पुढे नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, काही काळ गोंदियात चित्रकला-शिक्षकाची नोकरी आणि १९४३ साली मुंबईचे जे. जे. स्कूल. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९मध्ये. चरित्रकार हा मुक्काम एखाद्या वाक्यात उरकतात. तो टप्पा मोठा होता असा आमचा दावा नाही. परंतु रझांची दृष्टी घडली ती याच वनप्रदेशात, हे त्यातून ध्यानात येते.

जंगलातल्या रात्रींचे भय रझांनी स्वतः सांगून ठेवले आहे. त्या काळोखात गोंडांच्या नृत्याचा तेवढा मानवी आधार वाटे. उजाडले की जिवात जीव येई आणि बाजाराच्या दिवशी सारे गाव रंगांनी उजळून निघे. पुन्हा रात्र होतीच. आमच्या मते, त्यांच्या चित्रांचे मर्म या आवर्तनात आहे. १९८०च्या सुमारास त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आलेला बिंदू अनेकदा काळा आहे. त्याचा उगम ते शाळेतल्या एका प्रसंगात सांगत: चंचल मुलाचे चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी भिंतीवर काढून दिलेला ठिपका. या काळ्याभोवती रंग फुलतात. काळा वगळला तर उरते ती केवळ सजावट.

फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, १९५०मध्ये रझा फ्रान्सला. तेथे तीन दशके राहिल्यावर रंगवलेल्या 'माँ' (१९८१) या चित्रात त्यांनी अशोक वाजपेयींच्या हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिली. म्हणजे हा आनंद भोळा नव्हता. भय आणि वियोग यांच्याकडे पाठ न फिरवता तो कमावलेला होता. २०१६मध्ये त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन झाले. त्यांच्या रंगांचे कौतुक करताना या भूमीतल्या काळोखाचीही आठवण ठेवणे, हेच आम्हांस खरे स्मरण वाटते.