दौलतगंजातले आमचे खापरपणजोबा

आजी सांगायची, आपले मूळपुरुष महादजींबरोबर ग्वाल्हेरीस आले, शिलेदार होते. मागच्या दिवाळीत दौलतगंजातल्या घरची ट्रंक उघडली, मोडी कागद वाचून घेतले. खापरपणजोबा इथे आले शके १७३४ मध्ये, म्हणजे १८१२ साली. महादजी तर १७९४ लाच पुण्याजवळ वानवडीला वारले! दौलतरावांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, तिचंच पुढे लष्कर शहर झालं. आमचे त्या छावणीतले. आणि शिलेदार कसले, पागेचे कारकून.

मग नाशिकला तीर्थोपाध्यांची वही पाहिली. त्यांच्या हातचा लेख निघाला. खाली दोन बायकांची नावं. आमच्या वंशावळीत एकच आहे. थोरली बहुधा देशावरच राहिली.

काकांना हे पसंत नाही. मी पेन्सिलीने का होईना, तिचं नाव घातलंय.