बिलगांवचा दिवा



नदीपासून मनुष्य कांहीं घेतो तेव्हां तो नदीला आणि तिच्या कांठच्या माणसांना काय ठेवतो, हा प्रश्न जुनाच आहे. जलविद्युतेच्या इतिहासांतून आज त्याच प्रश्नाकडे पाहावयाचें आहे.

पाण्याच्या वेगाकडून काम करून घेण्याची कला आपणांस नवी नाहीं. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, येथील पाणचक्की आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. दूरच्या झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर तेथील जातें फिरविलें जाई. पाणी दळण दळी आणि पुढें वाहूं लागे.

विजेचा आरंभही असाच लहान होता. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथें १८९७ सालीं सुरू झालेलें वीजगृह अवघें १३० किलोवॅटचें होतें. पुढें प्रमाण बदललें. शिवसमुद्रम् येथील कावेरीची वीज १९०२ सालीं कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली; खोपोलीची वीज १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. वीज एका ठिकाणीं उत्पन्न व्हावी आणि दिवे दुसरीकडे लागावे, असा प्रघात पडला.

या प्रघाताची किंमत महाराष्ट्राला मुळशीनें दाखविली. टाटा कंपनीच्या धरणाखालीं भाताचीं खाचरें जाणार म्हणून मावळच्या शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें व त्यापायीं तुरुंगवास भोगला. धरण मात्र झालेंच, आणि १९२७ सालीं सह्याद्रीच्या पायथ्याशीं भिरा येथें वीजगृह सुरू झालें. जें पाणी मुळेंतून पूर्वेकडे भीमेला मिळावयाचें, तें घाट उतरून कोंकणांत कुंडलिकेला मिळूं लागलें. जमीन मावळची गेली, पाण्यानें दिशा सोडली आणि उजेड मुंबईस पडला.

आतां याच्या उलट असा एक प्रयोग सांगतों. नंदुरबार जिल्ह्यांतील धडगांव तालुक्यांत, सातपुड्याच्या डोंगरांत, बिलगांव हें आदिवासींचें गांव आहे. नर्मदेस मिळणारी उदई नदी तेथें धबधब्यानें खालीं येते. स्वातंत्र्यानंतर पन्नासांवर वर्षें लोटलीं तरी गांवांत विजेचा दिवा लागला नव्हता. केरळांतील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या संस्थेच्या इंजिनियरांनीं आराखडा केला; परदेशस्थ भारतीयांच्या ‘असोसिएशन फॉर इंडियाज डेव्हलपमेंट’ या संस्थेनें साह्य दिलें; नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते पाठीशीं उभे राहिले; आणि अंगमेहनत गांवकऱ्यांनीं श्रमदानानें केली.

योजना साधी होती. धबधब्याच्या वर बंधारा घालून थोडें पाणी पाटानें टांकींत घ्यावयाचें, तेथून नळानें खालीं चक्रावर सोडावयाचें, आणि चक्र फिरवून झालें कीं पुन्हां नदींत जाऊं द्यावयाचें. २००३ च्या आरंभीं १५ किलोवॅट वीज निघूं लागली. शहरांतील सात बिऱ्हाडांनीं आंघोळीच्या पाण्याचे विजेचे बंब एका वेळीं लावले तर एवढी वीज संपून जाईल. सातपुड्यांत तिच्यावर पाड्यापाड्यांतून दिवे लागले.

लहान योजना म्हणजे निर्दोष योजना, असें मात्र नव्हे. बंधाऱ्यांत वाट ठेवली नाहीं तर मासे अडतात. सर्वच पाणी पाटांत वळविलें तर बंधारा आणि वीजगृह यांमधील पात्र कोरडें पडतें. म्हणून नदीचा वांटा आधीं आणि चक्राचा मागाहून, हाच नियम पाहिजे. परंतु गांवाचाच दिवा ओढ्यावर अवलंबून असला म्हणजे हा नियम पाळण्यांत गांवाचें हित असतें. डोंगरावरील झाडी तुटली तर उन्हाळ्यांत प्रवाह आटेल आणि घरांत अंधार होईल, हें तेथें कोणास शिकवावें लागत नाहीं.

हा उजेड साडेतीन वर्षें टिकला. नर्मदेवरील सरदार सरोवराची भिंत २००६ सालीं १२१.९२ मीटरपर्यंत चढविण्यांत आली. त्या पावसाळ्यांत फुगलेलें पाणी उदईच्या खोऱ्यांत शिरलें आणि बिलगांवचें वीजगृह बुडालें. एका जलविद्युत् योजनेनें दुसरी गिळली.

मोठ्या धरणाच्या पाण्यानें गुजराथेंतील तहानलेल्या मुलुखास लाभ झाला, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण मी शाळामास्तर होतों. ‘धरणाचे फायदे सांगा’ हा प्रश्न मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला आणि ‘वीज व पाणी’ या उत्तरास पुरे गुण दिले. कोणाची वीज आणि कोणाचें पाणी, हें मीं एकदांही विचारलें नाहीं. आज वर्ग माझ्यापुढें असता, तर प्रश्नाला एवढी पुस्ती जोडली असती, आणि उत्तरांत मुळशीबरोबर बिलगांवचें नांव लिहिणाऱ्या मुलास एक गुण अधिक दिला असता.