दुबईतील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा आणि समावेशक शिक्षण

दुबईतील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा या प्रामुख्याने परदेशस्थ कुटुंबांतील मुलांसाठी चालणाऱ्या खाजगी शाळा असून त्यांत इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवला जातो. विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने दुबईतील खाजगी शाळांमध्ये हा सर्वांत मोठा गट आहे. त्याखालोखाल भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचा क्रमांक लागतो. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, श्रवणदोष, शारीरिक अपंगत्व अशा कारणांनी अधिक साहाय्य लागणाऱ्या मुलांना सर्वसाधारण वर्गातच इतरांच्या बरोबरीने शिकता यावे, अशा व्यवस्थेला समावेशक शिक्षण म्हणतात. दुबईतील या शाळांमध्ये समावेशनाची पद्धत बहुतांशी इंग्लंडची, नियम अमिरातीचे आणि खर्चाचा मोठा भाग पालकांचा असतो. ब्रिटिश अभ्यासक्रम आहे म्हणजे ब्रिटिश कायद्याचे संरक्षणही आहे, हा समज चुकीचा आहे.

पार्श्वभूमी

दुबईच्या लोकसंख्येत परदेशस्थांचे प्रमाण फार मोठे आहे आणि त्यांची मुले मुख्यतः खाजगी शाळांत शिकतात. इंडियन हायस्कूल ही शाळा १९६१ मध्ये, तर दुबई इंग्लिश स्पीकिंग स्कूल १९६३ मध्ये सुरू झाली. आपापल्या देशात परतल्यावर मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये, हा अशा आरंभीच्या शाळांचा हेतू होता. पुढे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांमध्ये ब्रिटिश मुलांखेरीज भारतीय, पाकिस्तानी, अरब आणि इतर अनेक देशांतील मुले मोठ्या संख्येने येऊ लागली. खाजगी शाळांच्या नियमनासाठी २००६ मध्ये ज्ञान व मानव विकास प्राधिकरणाची स्थापना झाली. हे प्राधिकरण केएचडीए या आद्याक्षरांनीच अधिक ओळखले जाते.

इंग्लंडमधील व्यवस्था

इंग्लंडचा राष्ट्रीय अभ्यासक्रम १९८८ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने अस्तित्वात आला. पाच वर्षांपर्यंतचा पायाभूत टप्पा, त्यानंतर इयर १ ते इयर ११ पर्यंतचे चार टप्पे आणि शेवटी दोन वर्षांचा ए लेव्हल अभ्यासक्रम अशी त्याची रचना आहे. इयर ११ च्या अखेरीस, म्हणजे साधारण सोळाव्या वर्षी, जीसीएसई परीक्षा होते. परदेशांतील शाळांमध्ये बहुधा तिचे आंतरराष्ट्रीय रूप, आयजीसीएसई, घेतले जाते. भारतीय इयत्तेशी तुलना करताना इयरचा आकडा एकाने कमी धरतात. इयर ६ चे मूल साधारणतः पाचवीच्या वयाचे असते.

समावेशनाचा प्रवाह या अभ्यासक्रमाहून जुना आहे. मेरी वॉरनॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७८ च्या अहवालात मुलांचे अपंगत्वाच्या प्रकारांनुसार वर्गीकरण करण्याऐवजी त्यांच्या शैक्षणिक गरजांचा विचार करावा, अशी भूमिका घेतली. १९८१ च्या शिक्षण कायद्यात तिचे प्रतिबिंब पडले. २०१४ च्या मुले व कुटुंबे कायद्यानुसार अधिक साहाय्य लागणाऱ्या मुलासाठी शिक्षण, आरोग्य व संगोपन यांचा एकत्रित आराखडा तयार होतो. त्यात नोंदवलेले विशेष शैक्षणिक साहाय्य मिळवून देणे हे स्थानिक प्रशासनाचे कायदेशीर कर्तव्य असते आणि पालकांना न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

हा आराखडा इंग्लंडबाहेर लागू होत नाही. मँचेस्टरहून दुबईत आलेल्या कुटुंबाच्या हाती असलेला आराखडा नव्या शाळेला मुलाची माहिती देणारा चांगला दस्तऐवज ठरतो. त्यातील एकही तास साहाय्य देण्याचे कायदेशीर बंधन मात्र त्या शाळेवर त्या कागदामुळे येत नाही. पुण्याहून किंवा मुंबईहून आलेल्या कुटुंबाजवळ असा आराखडा मुळातच नसतो. त्यामुळे निवडीच्या प्रश्नात दोन्ही कुटुंबे एकाच पायरीवर उभी असतात.

दुबईतील नियम

संयुक्त अरब अमिरातींच्या २००६ च्या २९ क्रमांकाच्या संघीय कायद्याने विशेष गरजा हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे ठरवले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास देशाने २०१० मध्ये अनुसमर्थन दिले. दुबईने २०१४ मध्ये अमिरातीपुरता स्वतंत्र कायदा केला. २०१७ पासून अपंग व्यक्तींसाठी ‘दृढनिश्चयी व्यक्ती’ या अर्थाची संज्ञा देशभर रूढ करण्यात आली असून शाळांच्या कागदपत्रांत ‘दृढनिश्चयी विद्यार्थी’ असा उल्लेख आढळतो.

शाळांच्या दृष्टीने २०१७ चा दुबई समावेशक शिक्षण धोरण आराखडा आणि त्यावर आधारलेले २०२० चे निर्देश अधिक महत्त्वाचे आहेत. केवळ विशेष गरज आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि वैद्यकीय निदानाचा कागद ही प्रवेशाची अट होऊ शकत नाही. भावंड आधीच शाळेत असल्यास अशा मुलाला प्राधान्य मिळते. शाळेने प्रवेश न दिल्यास तिला त्याची कारणे प्राधिकरणाला लेखी कळवावी लागतात. समावेशनाची जबाबदारी असलेला प्रमुख आणि त्याचा साहाय्यक गट प्रत्येक शाळेत असावा, तसेच शाळेच्या नियामक मंडळातही या विषयाकडे लक्ष देणारा सदस्य असावा, अशी अपेक्षा आहे.

व्यवहारात उघड नकार क्वचितच मिळतो. ‘या इयरमध्ये जागा नाही’, ‘तुमच्या मुलाला दुसऱ्या शाळेत अधिक न्याय मिळेल’ अशा सौम्य शब्दांत तो येऊ शकतो. लेखी उत्तर मागितल्यास नियमांचा उपयोग होतो. तोंडी संभाषणातून घेतलेली माघार मात्र कोठेच नोंदली जात नाही.

प्रवेश आणि सहभाग

अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक समितीने २०१६ च्या आपल्या चौथ्या सर्वसाधारण टिप्पणीत वगळणूक, विलगीकरण, एकत्रीकरण आणि समावेशन असे चार भिन्न प्रकार मानले आहेत. मूल सर्वसाधारण शाळेत आले, पण शाळेने स्वतःत काहीच बदल केला नाही, तर ते एकत्रीकरण होय. अध्यापन, मूल्यमापन, इमारत आणि दिनक्रम मुलाच्या गरजेनुसार बदलले, तरच त्याला समावेशन म्हणता येते.

हा भेद दुबईच्या संदर्भात केवळ तात्त्विक नाही. मूल पटावर आहे, परंतु दिवसातील बहुतेक तासिका वर्गाबाहेरच्या स्वतंत्र खोलीत साहाय्यकाबरोबर घालवते, असे चित्र समावेशक म्हणवणाऱ्या शाळेतही असू शकते. काही वेळ वेगळे मार्गदर्शन उपयुक्त असते. वाचनाची पायाभूत कौशल्ये शिकवताना तर ते आवश्यकही ठरते. मूल कोणत्या विषयाच्या तासाला वर्गात असते, सहलीला व स्नेहसंमेलनाला जाते का, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून शाळेची ओळख माहितीपत्रकापेक्षा अधिक नेमकी होते.

तपासणी अहवाल

प्राधिकरणाच्या शाळा तपासणी विभागाने २००८ पासून खाजगी शाळांची तपासणी सुरू केली. २०१५ च्या राष्ट्रीय तपासणी चौकटीनुसार शाळांना उत्कृष्ट, अतिशय चांगली, चांगली, स्वीकारार्ह, कमकुवत आणि अतिशय कमकुवत अशा सहा श्रेणी दिल्या जातात. अहवाल सर्वांसाठी खुले असतात.

अनेक पालक केवळ मुखपृष्ठावरील एकूण श्रेणी पाहतात. समावेशनाचा विचार करणाऱ्यांसाठी अहवालाचा आतील भाग अधिक मोलाचा असतो. त्यात दृढनिश्चयी विद्यार्थ्यांची संख्या, त्यांच्यासाठीच्या व्यवस्थेचे स्वतंत्र मूल्यमापन आणि शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण आढळते. एकूण श्रेणी उत्कृष्ट असूनही अशा विद्यार्थ्यांची संख्या नगण्य असल्यास ती श्रेणी बहुतांशी इतर मुलांच्या कामगिरीवर मिळालेली असते. शिक्षकांची सतत अदलाबदल हा प्रश्न परदेशस्थ शिक्षकांवर चालणाऱ्या शाळांमध्ये नेहमीचा आहे, आणि परिचित माणसावर अवलंबून असलेल्या मुलाला त्याचा फटका अधिक बसतो. अहवालाची तारीखही पाहावी लागते: २०२४–२५ या वर्षात नव्या शाळा वगळता सर्वसाधारण पूर्ण तपासण्या थांबवण्यात आल्या होत्या.

इंग्लंडच्या शिक्षण विभागाने मान्य केलेल्या संस्थांकडून ‘परदेशांतील ब्रिटिश शाळा’ म्हणून होणारी तपासणी ही वेगळी बाब आहे. ती ऐच्छिक असून स्थानिक तपासणीला पर्याय नाही.

प्रवेश-चाचणी आणि भाषेचा प्रश्न

या शाळांमध्ये प्रवेशाच्या वेळी कॅट-४ ही क्षमताचाचणी बऱ्याचदा घेतली जाते. तिचे शाब्दिक, संख्यात्मक, अशाब्दिक आणि अवकाशीय असे चार भाग असतात. मराठी माध्यमातून किंवा घरी मराठी व शाळेत अर्धे इंग्रजी अशा वातावरणातून आलेल्या मुलाचे गुण शाब्दिक भागात कमी आणि अशाब्दिक भागात चांगले असू शकतात. असा फरक अध्ययन अक्षमतेचा पुरावा नसून इंग्रजी अद्याप सरावाची झालेली नसल्याचे लक्षण असू शकते.

उलट चूकही तितकीच हानिकारक असते. वाचनातील खरी अडचण ‘इंग्रजी नवीन आहे, येईल हळूहळू’ या समजुतीखाली दोन-तीन वर्षे झाकली जाते. मूल मराठी कसे वाचते, घरी गोष्ट नीट सांगते का, देवनागरी जोडाक्षरे लिहिताना काय होते, ही माहिती म्हणूनच निदानासाठी उपयोगी असते. परंतु ती पालकांनी दिल्याशिवाय ब्रिटिश शाळेला मिळण्याचा मार्ग नसतो. अडचण दोन्ही भाषांत दिसत असेल, तर तिचे कारण केवळ नवीन भाषा असण्याची शक्यता कमी होते. मुलाशी मराठी बोलणे बंद करावे, असा सल्ला काही कुटुंबांना मिळतो. परंतु घरातील भाषेमुळे अध्ययन अक्षमता निर्माण होत नाही.

साहाय्यक शिक्षक व शुल्क

सामान्यतः मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो आणि दर सत्रात त्याचा आढावा घेतला जातो. ‘लेखन सुधारणे’ यासारखे उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘सत्राअखेर पाच वाक्यांचा परिच्छेद विरामचिन्हांसह स्वतः लिहिणे’ हे मोजता येते. आराखड्याच्या भाषेवरून शाळेचा अनुभव ताडता येतो.

काही मुलांसाठी स्वतंत्र साहाय्यक शिक्षकाची आवश्यकता असते. त्याला बोलीभाषेत शॅडो टीचर म्हणतात. सर्वसाधारण शुल्कातच मिळणाऱ्या सेवा आणि त्यापलीकडील, पालकांनी वेगळे पैसे भरण्याच्या सेवा यांत २०२० चे निर्देश फरक करतात. दुसऱ्या प्रकारासाठी शाळा व पालक यांच्यात लेखी करार अपेक्षित असतो. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांचे शुल्क भारतीय शाळांपेक्षा सर्वसाधारणपणे बरेच जास्त असते. त्यावर साहाय्यकाचा खर्च आल्यास नोकरदार कुटुंबाचे गणित बिघडते. नोकरी व निवासी परवाना परस्परांशी जोडलेले असल्याने नोकरी गेल्यास शाळाही सुटू शकते. यामुळे काही कुटुंबे ब्रिटिश शाळेऐवजी चांगला समावेशन विभाग असलेली भारतीय शाळा पसंत करतात.

साहाय्यक सतत शेजारी बसल्याने मूल वर्गशिक्षकापासून आणि सवंगड्यांपासून दुरावण्याचाही धोका असतो. चांगल्या करारात साहाय्य कसे कमी करत न्यावयाचे, याचाही उल्लेख असतो.

परीक्षा आणि सोळाव्या वर्षानंतर

आयजीसीएसई व ए लेव्हल परीक्षांत पात्र विद्यार्थ्यांना वाढीव वेळ, वाचक, लेखनिक किंवा मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका अशा सवलती मिळू शकतात. वाढीव वेळ बहुधा २५ टक्क्यांपर्यंत असतो. ही सवलत मुलाच्या वर्गातील नेहमीच्या कामाच्या पद्धतीशी जुळणारी असावी लागते. म्हणून परीक्षेच्या तोंडावर मिळवलेला अहवाल पुरेसा ठरत नाही. आधीच्या वर्षांत वर्गात तीच सोय वापरल्याची नोंद शाळेकडे असावी लागते.

शाळा निवडताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न इयर ११ नंतरचा आहे. ए लेव्हलच्या प्रवेशासाठी शाळा ठरावीक गुणांची अट घालू शकते. बीटेकसारखे व्यावसायिक अभ्यासक्रम उपलब्ध नसल्यास, तीन वर्षांचे असताना आनंदाने घेतलेल्या मुलाला सोळाव्या वर्षी त्याच शाळेत पुढचा वर्ग उरत नाही. बीटेक हा विद्यार्थ्यांच्या कामाचे वर्षभर मूल्यमापन करण्यावर बराच भर देणारा अभ्यासक्रम असून, भारतीय अभियांत्रिकी पदवीशी त्याचा संबंध नाही.

भारतात परतणाऱ्या कुटुंबांसाठी

भारतातील विद्यापीठांत प्रवेश घेताना ए लेव्हलची बारावीशी समकक्षता पाहिली जाते; त्यासाठी भारतीय विश्वविद्यालय संघाची समकक्षता उपयोगी पडते. तीन-चार विषयच निवडण्याची ब्रिटिश पद्धत असल्याने, अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशाला लागणारे विषय इयर १२ मध्येच निवडलेले असणे आवश्यक असते.

भारतातील दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नमूद असून त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश आहे. किमान ४० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्क्यांहून कमी नसलेल्या जागा राखीव असतात. मात्र त्यासाठी भारतातील अधिकृत वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. दुबईतील मानसशास्त्रज्ञाचा अहवाल किंवा शाळेचा शिक्षण आराखडा त्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि तपासणीच्या वेळी मुलाचा पूर्वेतिहास दाखवण्यासाठी हीच कागदपत्रे उपयोगी पडतात. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आराखड्यांच्या, आढाव्यांच्या आणि परीक्षा-सवलतींच्या प्रती शाळेतून मागून घेण्याची प्रथा त्यामुळेच पडली आहे.