सुदान : यादवी, दुष्काळ आणि गल्लीतील चूल

खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची घुमटाकार मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर भारतीय सैनिकांनी दिलेल्या बलिदानाची आठवण म्हणून सुदानच्या तत्कालीन सरकारने १९४१ साली एक लाख पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर त्यातील ७० हजार पौंड भारताच्या वाट्याला आले आणि त्यातून ही वास्तू उभी राहिली. सुदानची पहिली संसदीय निवडणूक १९५३ साली झाली, तीही भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली. पुण्याच्या महाविद्यालयांत सुदानी विद्यार्थी अनेक दशके शिकत आले आहेत. एप्रिल २०२३ मध्ये तेथे युद्ध पेटले, तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’द्वारे भारताने आपल्या ३,८६२ नागरिकांना परत आणले. त्यानंतर मात्र सुदान आपल्याकडच्या बातम्यांतून जवळजवळ दिसेनासा झाला. युद्ध थांबले होते म्हणून नव्हे. आपली माणसे परतली होती, एवढेच.

हे युद्ध दोन सेनापतींचे आहे. लष्करप्रमुख अब्देल फताह अल-बुऱ्हान आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलाचा प्रमुख मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती या दोघांनी मिळून ऑक्टोबर २०२१ मध्ये सत्ता बळकावली होती. त्याआधी, डिसेंबर २०१८ मध्ये, पावाच्या वाढलेल्या किमतीवरून अटबारा शहरात सुरू झालेल्या आंदोलनाने ओमर अल-बशीर यांची ३० वर्षांची राजवट एप्रिल २०१९ मध्ये संपवली होती. हेमेदतीचे दल मूळचे दारफुरमधील जंजावीद टोळ्यांचे. बशीर यांनीच २०१३ साली त्याला अधिकृत रूप दिले. हे दल लष्करात केव्हा विलीन करायचे, हा वादाचा मुद्दा होता. हेमेदतीला त्यासाठी दहा वर्षे हवी होती, लष्कर दोन वर्षांच्या वर जाण्यास तयार नव्हते. १५ एप्रिल २०२३ रोजी, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, राजधानी खार्टूमच्या रस्त्यांवर तोफा धडाडल्या. सोन्याच्या खाणींचे उत्पन्न आणि परकीय पाठबळ यांमुळे दोन्ही बाजूंना लढाई लांबवता आली. संयुक्त अरब अमिराती हेमेदतीला शस्त्रे पुरवते, असा आरोप सुदानच्या लष्करी सरकारने वारंवार केला आहे. अमिरातीने तो तितक्याच वेळा फेटाळला आहे.

सुदान हा काही उजाड वाळवंटी देश नव्हे. ज्वारी माणसाने प्रथम पिकवली त्याचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा पूर्व सुदानातच मिळाला आहे. ज्वारीचे पीठ आंबवून तव्यावर पातळ पसरलेली ‘किसरा’ ही तेथील रोजची भाकरी, आपल्या आंबोळीची दूरची बहीण म्हणावी अशी. निळ्या आणि पांढऱ्या नाईलच्या दुआबातील गेझिरा सिंचन योजना १९२५ पासून चालू असून ती जगातील सर्वांत मोठ्या सिंचन योजनांपैकी एक गणली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये हेमेदतीच्या दलाने गेझिराचे मुख्य शहर वाद मदनी घेतले. गोदामे, ट्रॅक्टर, बियाणे लुटले गेले, शेतकरी पळाले, कालवे गाळाने भरले. लष्कराने जानेवारी २०२५ मध्ये शहर परत मिळवले, पण मधला हंगाम कोणालाच परत मिळवता आला नाही. २०२४ च्या मध्यास सुमारे अडीच कोटी लोक, म्हणजे निम्मा देश, तीव्र अन्नटंचाईत होता. पाऊस पडूनही आलेला हा दुष्काळ आहे.

शहरांतील जगण्याचे प्रश्न आणखी निराळे. युद्ध सुरू होताच बँकांच्या शाखा लुटल्या वा बंद पडल्या आणि रोख पैसा दिसेनासा झाला. मागे उरला तो बँक ऑफ खार्टूमचा ‘बनकक’ हा मोबाइलवरचा व्यवहार. परदेशातला मुलगा किंवा भाऊ याच खात्यात पैसे भरतो. घरचे ते दुकानदाराच्या खात्यावर वळवतात आणि डाळ-साखर घेतात. दुकानदार रोख रक्कम देतो, पण कमिशन कापून. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशभरातील दूरध्वनी आणि इंटरनेट सेवा कोसळली, तेव्हा खात्यात पैसे असूनही घरात चूल पेटेना. मग उपग्रहाद्वारे चालणाऱ्या ‘स्टारलिंक’ची यंत्रे आली आणि तासाच्या दराने इंटरनेट विकणारी दुकाने उभी राहिली. ती बऱ्याच ठिकाणी सशस्त्र माणसांच्या मर्जीवरच चालत.

ज्यांना परदेशातून पैसे येत नाहीत, त्यांच्यासाठी गल्लीतील सामुदायिक चूल. तिला तेथे ‘तकिया’ म्हणतात, अनेकवचनी ‘तकाया’. शब्द मूळचा सूफी मठांचा. फकिराचे स्थान या अर्थी तो मराठीलाही परका नाही. भल्या मोठ्या पातेल्यांत मसूर किंवा ‘फूल’ म्हणजे बाकल्याचे दाणे शिजतात, आणि मुले डबे, बादल्या, पातेली घेऊन सकाळपासून रांग धरतात. या चुलींमागे ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्ष’ नावाची स्वयंसेवकांची जाळी आहे. २०१९ च्या आंदोलनातील मोहल्ला समित्यांतून ती विणली गेली. विद्यार्थी, डॉक्टर, अभियंते, गृहिणी असे सारे तीत आहेत. वीजपंप दुरुस्त करणे, जखमींना हलवणे, औषधे शोधणे ही कामेही तेच करतात. दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी त्यांना हेर ठरवून पकडले आहे, काहींचा जीवही घेतला आहे. २०२५ साली या कक्षांना राफ्टो पुरस्कार आणि ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाले.

मात्र त्याच वर्षाच्या प्रारंभी अमेरिकेने परदेशी मदत अचानक गोठवली. स्वयंसेवकांच्या म्हणण्यानुसार, अवघ्या काही आठवड्यांत अकराशेहून अधिक चुली, म्हणजे एकूण चुलींपैकी जवळजवळ ८० टक्के, विझल्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांचे ट्रक परवान्यांसाठी सीमेवर खोळंबतात, तेथे या चुली बाजारातलेच धान्य घेऊन चालतात. त्यामुळे मदतीचा पैसा सर्वांत कमी खर्चात ताटापर्यंत पोहोचवणारी व्यवस्थाच आधी कोसळावी, हा कारभार अनाकलनीय म्हणावा लागेल.

अन्नालाच शस्त्र कसे करता येते, हे उत्तर दारफुरच्या एल फाशेर शहरात दिसले. मे २०२४ पासून हेमेदतीच्या दलाने शहराला वेढा घातला आणि पुढे सभोवती मातीचे उंच बांध घातले. जवळच्या झमझम छावणीत १ ऑगस्ट २०२४ रोजी दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. एप्रिल २०२५ मध्ये छावणीच काबीज झाली. शहरात लोक शेंगदाण्याची पेंड, तेथील भाषेत ‘अंबाझ’, खाऊन राहिले. एरवी ती जनावरांपुढे टाकतात. काही काळाने पेंडही दुर्मिळ झाली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर पडले. तेथील सौदी प्रसूती रुग्णालयात रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक मिळून ४६० हून अधिक जण मारले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले.

मृतांची खात्रीलायक मोजदाद कोणाकडेच नाही. लंडनमधील संशोधकांच्या अंदाजाने, एकट्या खार्टूम राज्यात पहिल्या १४ महिन्यांत ६१ हजार माणसे दगावली. त्यांपैकी २६ हजार प्रत्यक्ष हिंसाचारात, बाकीची मुख्यतः आजार आणि उपासमार यांमुळे. २०२५ साली देशात आणि देशाबाहेर मिळून एक कोटी वीस लाखांहून अधिक लोक विस्थापित होते.

मार्च २०२५ मध्ये लष्कराने राजधानी परत घेतल्यावर वर्षअखेरीपर्यंत सुमारे दहा लाख लोक खार्टूमला परतले. त्यांना घरांतून तांब्याच्या विजेच्या ताराही उपसून नेलेल्या आढळल्या. ड्रोनहल्ल्यांनी वीजकेंद्रे बंद पडली होती, नळाला पाणी नव्हते, आणि मे महिन्यात पटकीची साथ पसरली. शाळांचीही हीच गत. २०२३ मध्ये द्यावयाची शालान्त परीक्षा डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, मुख्यतः लष्कराच्या ताब्यातील भागांत, घेण्यात आली. दारफुरमधील बहुसंख्य मुलांना तेथवर पोहोचता आले नाही. पुणे असो वा कैरो, त्या प्रमाणपत्राशिवाय कोणत्याही महाविद्यालयाचा दरवाजा त्यांच्यासाठी उघडत नाही.