लहान उद्योग आणि बाहेरचा भागीदार : ब्रिटनमधील एका प्रयोगाचा इतिहास

उद्योगात पैसा घालून त्याच्या नफ्यातोट्याचा वाटेकरी होणाऱ्या माणसास मराठीत दोन नावे आहेत : भागीदार आणि भागधारक. पहिल्या शब्दात फारसी 'दार' हा प्रत्यय आहे, तर दुसरा शब्द संस्कृत वळणाचा आहे. व्युत्पत्तीने पाहता दोहोंचा अर्थ एकच. परंतु व्यवहाराने त्यांच्यात मोठे अंतर पाडले आहे. भागीदार पेढीवर बसतो, हिशेब पाहतो, धंदा बुडाला तर स्वतःही बुडतो. भागधारकाने कारखाना पाहिलेलाही नसतो. त्याच्याजवळ एक कागद असतो, आणि तो कागद विकला की त्याचा संबंध संपतो. लहान व मध्यम उद्योगांच्या भांडवलाचा प्रश्न या दोन शब्दांमधील अंतरातच उभा आहे. अशा उद्योगास नवा भागीदार सहजी मिळत नाही, आणि भागधारकांच्या बाजारात त्याला प्रवेश नसतो. ब्रिटनमध्ये हे अंतर सांधण्याचा जो प्रयत्न झाला, त्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये १८५५ च्या कायद्याने भागधारकाची जबाबदारी मर्यादित करण्याची मुभा मिळाली, व १८५६ च्या कायद्याने कंपनी स्थापन करणे सुलभ झाले. अनोळखी माणसाचा पैसा अनोळखी माणसाच्या धंद्यात जाण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. परंतु अनेक कुटुंबांनी या सवलतीचा उपयोग निराळ्याच हेतूने केला. त्यांना जबाबदारीची मर्यादा हवी होती, परके मालक नको होते. १९०७ च्या कायद्याने 'खाजगी कंपनी'ची व्याख्या केली ती अशाच उद्योगांना अनुरूप होती : सभासद पन्नासांहून अधिक नसावेत, भागांच्या हस्तांतरावर निर्बंध असावा आणि भाग घेण्याचे जाहीर आवाहन करू नये. १९१३ च्या भारतीय कायद्यानेही हीच कल्पना स्वीकारली. कुटुंबाची मालकी या कुंपणाने सुरक्षित झाली खरी. परंतु त्याच कुंपणाने बाहेरचे भांडवलही बाहेरच ठेवले.

उद्योग लहान होता तोवर ही अडचण जाणवत नसे. नफ्यातील शिल्लक, आप्तेष्टांची ठेव आणि बँकेचा ओव्हरड्राफ्ट एवढ्यावर काम भागे. नवी यंत्रे घ्यावयाची, इमारत वाढवावयाची अशी वेळ आली की मात्र प्रश्न उभा राही. ओव्हरड्राफ्ट मागताक्षणी परत करावयाचा असतो. त्यावर दहा-वीस वर्षे चालणारे यंत्र उभे करणे धोक्याचे होय. दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले तरी त्याचे व्याज मंदीच्या वर्षीही चुकत नाही. भाग-भांडवलाचा विशेष असा की, नफा नसेल त्या वर्षी ते काही मागत नाही. त्याचे मोल मालकास निराळ्या रूपाने द्यावे लागते : भावी नफ्याचा हिस्सा आणि कारभारातील अधिकाराचा काही अंश.

१९२९ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश सरकारने वित्त व उद्योग यांच्या संबंधांचा विचार करण्यासाठी ह्यू मॅक्मिलन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. अर्थशास्त्रज्ञ केन्स व कामगार पुढारी अर्नेस्ट बेव्हिन हे दोघेही तिचे सभासद होते. १९३१ च्या अहवालात या समितीने एका उणिवेकडे लक्ष वेधले. सुमारे दोन लक्ष पौंडांपर्यंतचे दीर्घ मुदतीचे भांडवल हवे असलेल्या उद्योगास, त्याचे तारण निर्दोष असले तरी, ते मिळविणे फार कठीण जाते. एवढ्या लहान रकमेसाठी जाहीर भागविक्री केल्यास तिचा खर्च परवडत नाही, आणि विकलेल्या भागांना पुढे गिऱ्हाईक मिळत नाही. ही उणीव पुढे 'मॅक्मिलन दरी' या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्यासाठी एक स्वतंत्र कंपनी काढावी, अशीही सूचना समितीने केली होती.

ही सूचना चौदा वर्षे तशीच राहिली. मधल्या काळात १९३४-३५ मध्ये लंडनमधील काही वित्तसंस्थांनी खाजगी प्रयत्न केले. तथापि त्यांचा आवाका लहान होता. अखेर युद्ध संपत आले असता, १९४५ मध्ये, बँक ऑफ इंग्लंड आणि देशातील मोठ्या व्यापारी बँका यांच्या पैशातून 'इंडस्ट्रियल अँड कमर्शियल फायनान्स कॉर्पोरेशन' ही संस्था स्थापन झाली. तिचे भाग-भांडवल दीड कोट पौंडांचे होते, व तीन कोट पौंडांपर्यंत कर्ज काढण्याचा अधिकार तिला मिळाला होता. पाच हजार ते दोन लक्ष पौंड ही तिच्या साहाय्याची मर्यादा ठरली. व्यापारी बँका या कार्यात काहीशा अनिच्छेनेच उतरल्या होत्या. पहिले अध्यक्ष लॉर्ड पियर्सी यांनी १९६४ पर्यंत संस्थेची धुरा वाहिली.

या संस्थेचे खरे वैशिष्ट्य तिच्या रीतीत होते. ती कर्ज, अग्रहक्काचे भाग आणि थोडे सामान्य भाग यांची सांगड घालून पैसा पुरवी. सामान्य भागांत ती बहुधा अल्पमताची धनी राही. उद्योगावर ताबा मिळविणे हे तिचे धोरण नव्हते. अर्जाची छाननी करण्यासाठी तिने हिशेबतपासनीसांबरोबर अभियंतेही पदरी ठेवले, आणि लंडनबाहेरच्या औद्योगिक नगरांत शाखा उघडल्या. मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेवर बसणारा कर भरण्यासाठी वारसांना कारखाना विकावा लागू नये, म्हणून अशा कुटुंबांचे काही भाग विकत घेणारी एक स्वतंत्र संस्थाही तिने १९५० नंतरच्या दशकात चालविली. सारांश, ती भागीदाराप्रमाणे उद्योगास ओळखत होती, परंतु भागधारकाप्रमाणे कारभारापासून दूर राहत होती.

याच सुमारास अमेरिकेत निराळी वाट चोखाळली जात होती. १९४६ मध्ये बोस्टन येथे स्थापन झालेल्या 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' या संस्थेने १९५७ साली 'डिजिटल इक्विपमेंट' या नवजात संगणक कंपनीत सत्तर हजार डॉलर घातले व तिचे सुमारे सत्तर टक्के भाग घेतले. या एका गुंतवणुकीने संस्थेस अपार लाभ झाला. परंतु दोन्ही वाटांचा हिशेब निरनिराळा आहे. अमेरिकन वाटेत दहा धंदे बुडाले तरी एकाने सर्व भरून काढावे, अशी अपेक्षा असते, म्हणून हिस्सा मोठा हवा. ब्रिटिश वाटेत बहुतेक धंदे टिकावेत व प्रत्येकाने थोडे द्यावे, अशी अपेक्षा होती, म्हणून लहान हिस्सा पुरला.

ब्रिटिश संस्थेचा उत्तरकाल मात्र विचार करावयास लावणारा आहे. १९७३ मध्ये ती एका मोठ्या वित्तसंस्थेत विलीन झाली, १९८३ मध्ये तिला 'थ्री आय' हे नाव मिळाले, आणि १९९४ मध्ये तिचे स्वतःचेच भाग लंडनच्या बाजारात विक्रीस आले. पुढे तिने लहान उद्योगांचे क्षेत्र सोडून मोठ्या व्यवहारांकडे मोर्चा वळविला. यात आश्चर्य नाही. लहान उद्योगाची पारख करण्यास मोठ्या उद्योगाइतकेच श्रम पडतात, आणि मिळकत मात्र अल्प असते. पैसा पुरविणाऱ्या बँका धीर धरीत होत्या तोवर हा व्यवहार चालला. संस्था स्वतःच अनोळखी भागधारकांची झाल्यावर तिच्याकडून त्याच धीराची अपेक्षा ठेवणे कठीण होते.

भारतातही १९५१ च्या कायद्यान्वये राज्य वित्त महामंडळे स्थापन झाली, परंतु त्यांचा भर मुख्यतः कर्जावर राहिला. मुंबईच्या शेअर बाजारात लहान व मध्यम उद्योगांसाठी स्वतंत्र दालन उघडले ते २०१२ साली. या दालनाने भागधारक मिळू शकतात. परंतु उद्योगाची ओळख ठेवणारा आणि तरीही त्याच्या गादीवर न बसणारा भागीदार केवळ बाजाराने निर्माण होत नाही. त्यासाठी धीराचा पैसा आणि पारख असलेली माणसे एकत्र यावी लागतात. ब्रिटनमध्ये ती काही दशके एकत्र आली होती. त्या प्रयोगाचे महत्त्व यातच आहे.